पाठलागाचा वारसा : सोलापूरचा माळ आणि शिकारी कुत्रा

कुत्र्याचे शेपूट कितीही नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे म्हणून आपण विषय संपवतो. सोलापूरच्या कडेला वाढलेल्या नव्या वसाहतींत कारवानी कुत्रा हौसेने पाळणारा नोकरदार असो, की नान्नजकडचा शेतकरी. कुत्रा हाक न ऐकता सशामागे किंवा काळविटामागे सुटला की दोघांचे उत्तर एकच असते : ‘जातच तशी!’ उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. ही जात कोणी घडवली आणि कोणत्या कामासाठी घडवली, हे त्यात येत नाही. ते काम कायद्याने बंद झाल्यानंतर त्या कुत्र्याची जबाबदारी कोणाकडे आली, हेही येत नाही. या प्रश्नांची उत्तरे सोलापूरच्या माळावर बरीचशी सापडतात, कारण शिकारी कुत्र्याचा गौरव, त्याच्यावरचा कायदा आणि त्याच्यामुळे होणाऱ्या हानीचा शास्त्रीय अभ्यास हे सारे याच मुलखात आणि त्याच्या आसपास घडले आहे.

सारमेयविनोद

बाराव्या शतकात सोलापूरचा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर याच शतकातले. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने राज्य कसे करावे इथपासून त्याने काय खावे आणि मन कसे रमवावे इथपर्यंत सर्व काही त्यात आहे. राजाच्या करमणुकींमध्ये मल्लविनोद, श्येनविनोद, मृगयाविनोद यांच्याबरोबर ‘सारमेयविनोद’ असे स्वतंत्र प्रकरण येते. सारमेय म्हणजे कुत्रा. इंद्राची कुत्री सरमा, तिची ही संतती.

राजाच्या विनोदांत कुत्र्याला स्वतंत्र प्रकरण मिळते, याचा अर्थ चांगला शिकारी कुत्रा कोणता याची पारख तेव्हा विद्येच्या पदवीला पोचलेली होती. पारख आली की निवड येते. जो अधिक वेगाने धावेल आणि सावज नजरेआड होऊ देणार नाही, त्याचीच पिल्ले वाढवायची. असे पिढ्यान्‌पिढ्या झाले. आज ज्याला आपण ‘वाईट खोड’ म्हणतो, तो माणसाने शतकानुशतके निवडून जपलेला गुण आहे.

मानाचा खंड्या

मराठेशाहीत हा मान कमी झाला नाही. सातारकर छत्रपती शाहू महाराजांना शिकारीची आणि कुत्र्यांची मोठी आवड होती. सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट संस्थानचे मूळपुरुष फत्तेसिंह भोसले हे याच शाहू महाराजांचे मानसपुत्र. महाराजांचा लाडका कुत्रा खंड्या. त्याने वाघापासून धन्याचे प्राण वाचवले आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी कथा सांगतात. कथेतला तपशील कितपत खरा हा वाद बाजूला ठेवला, तरी साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या समाधीपाशी खंड्याचे स्मारक आजही उभे आहे.

पुढे संस्थानी काळात कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांकडे काळविटाच्या शिकारीसाठी पाळलेले चित्ते होते. देशातले चित्ते दुर्मीळ होत गेले, तेव्हा कोल्हापूरसारख्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून आणवले. चित्ता पाळणे राजालाच परवडणारे. वेगवान कुत्रा मात्र पाटलालाही परवडत असे. विजापूरच्या पलीकडील मुधोळ संस्थानात घोरपडे राजांनी अशा कुत्र्यांची पैदास जोपासली. मालोजीराव घोरपडे यांनी त्यांची एक जोडी इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला भेट दिली, असे सांगितले जाते. कर्नाटकात त्याला मुधोळ म्हणतात, आपल्याकडे कारवानी, आणि कानाशेपटीला लांब केस असतील तर पश्मी. टपाल खात्याने २००५मध्ये भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळला स्थान मिळाले.

या कुत्र्याची ठेवण पाहिली तर त्याचे काम लगेच कळते. छाती खोल, पोट आत गेलेले, पाय लांब, डोके निमुळते. तो वासावर कमी आणि नजरेवर जास्त चालतो. लांब नाकाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांत दृष्टीच्या पेशी एका आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात. त्यामुळे क्षितिजावर हललेली वस्तू त्यांना चटकन टिपता येते. उघड्या माळासाठी याहून चांगला डोळा नाही.

दुसरी परंपरा : वाड्यावरचा कुत्रा

याच माळावर कुत्र्याची आणखी एक परंपरा आहे, तिला ना ग्रंथ लाभला ना टपाल तिकीट. ती धनगराच्या वाड्यावरच्या कुत्र्याची. रात्री मेंढरे वाघरीत कोंडली की लांडग्यापासून राखण हे त्याचे काम. त्याने कोकरामागे धावायचे नसते.

हे कसे साधते? कुत्र्याच्या शिकारीचे प्राणिवर्तन-शास्त्रज्ञ काही टप्पे सांगतात : सावज हेरणे, रोखून पाहणे, दबा धरून जवळ जाणे, पाठलाग, पकड, ठार करणे आणि शेवटी खाणे. लांडग्यात ही साखळी अखंड असते. माणसाने आपल्या गरजेनुसार तिचे वेगवेगळे दुवे बळकट केले किंवा दुबळे केले. कारवानीत पाठलागाचा दुवा बळकट. राखणीच्या कुत्र्यात तोच मंद. शिवाय वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्या सहवासात वाढते त्यांना ते आपले मानते. वाड्यावर जन्मलेले पिल्लू कोकरांच्या अंगावर लोळत मोठे होते.

म्हणजे उपजत प्रवृत्ती असली तरी वळण लावायला जागा असते. मात्र तिला मर्यादा आहेत, हे धनगरही जाणतो. कोकराला हुंगून सोडणारा त्याचा कुत्रा बांधावरून ससा उठला की उसळतोच; कोकरू त्याच्या घरचे, ससा नव्हे. म्हणून धनगर केवळ संस्कारावर विसंबत नाही. कुत्रा नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात ठेवणे हा त्याच्या रोजच्या कामाचाच भाग असतो.

शिकारीचा गुन्हा झाला

शिकारीला इतिहासात सर्वांसाठी एकच माप कधीच नव्हते. राजाची शिकार हा विनोद ठरला, पण फासे लावून पोट भरणाऱ्या पारध्याला १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने जन्मतःच गुन्हेगार ठरवले. अशा जमातींना तारेच्या कुंपणात डांबणारी ‘सेटलमेंट’ सोलापुरातही होती. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

मुंबई राज्याने १९५१मध्ये वन्यप्राणी आणि वन्यपक्षी संरक्षणाचा कायदा केला, आणि १९७२मध्ये देशभरासाठी वन्यजीव संरक्षण कायदा आला. या कायद्यात शिकारीची व्याख्या वाचण्यासारखी आहे. गोळी घालून मारणे एवढाच तिचा अर्थ नाही. पकडणे, फासे लावणे, हाकारणे, कुत्रे घालून पाठलाग करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, या सर्वांना शिकारच म्हटले आहे. काळवीट आणि लांडगा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. सोमेश्वराचा मृगयाविनोद आठशे त्रेचाळीस वर्षांनी तुरुंगात नेणारा गुन्हा झाला. कायदा माणसाला कळवता आला. कुत्र्याला तो कोण कळवणार?

नान्नजचा धडा

साधारण याच सुमारास, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९७९मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, रस्ते, सारेच आले. पुढे २०१२मध्ये त्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. माळढोक मात्र त्याआधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरत चालले होते. त्याच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत : मोडलेले गवताळ माळ, विजेच्या तारा, शिकार. भटकी कुत्री हे त्यांपैकी एक. हा पक्षी घरटे बांधत नाही. पावसाळ्यात उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. अशा पक्ष्याला मोकाट कुत्र्याची एक फेरीही महागात पडू शकते.

याच नान्नज परिसरात या शतकाच्या पहिल्या दशकात अबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी कुत्रा आणि खोकड यांचा अभ्यास केला. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली अशी की, दोघांच्या आहारात फारशी स्पर्धा नाही. खोकड उंदीर आणि किडे खातो, तर कुत्र्याचे पोट मुख्यतः माणसाच्या उष्ट्यावर आणि टाकलेल्यावर भरते. म्हणजे कुत्रा माळावर धावतो तो भुकेपोटी नव्हे. म्हणूनच ‘घरी पोटभर खातो, तो कशाला शिकार करील?’ हा आपला युक्तिवाद टिकत नाही. पाठलाग हेच त्याचे बक्षीस असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संशोधकांनी खोकडांसाठी खाद्य ठेवले आणि समोर कुत्रा दिसेल अशी व्यवस्था केली. कुत्र्याने हल्ला केला नाही, तरी खोकडांचे खाणे घटले आणि मान वर करून पाहण्यातला वेळ वाढला. कुत्र्याच्या नुसत्या असण्याची किंमत वन्यप्राण्याला मोजावी लागली. हरणाची गोष्ट याहून गंभीर. जिवाच्या आकांताने धावलेल्या हरणाच्या स्नायूंना इतकी इजा होऊ शकते की दात न लागताही ते पुढे काही तासांत किंवा दिवसांत मरते. ‘आमच्या कुत्र्याने कुठे पकडले?’ असे म्हणणाऱ्याला हे मरण दिसत नाही.

नान्नज परिसरातच अनिरुद्ध बेलसरे आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांचे रक्त तपासले. बहुसंख्य कुत्र्यांना डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंचा संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. खोकडांतही त्या आढळल्या. २०१८मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींत डिस्टेंपरचाच विषाणू सापडला होता. पुण्याजवळच्या माळांवर तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत कुत्र्यांनी हल्ले केलेल्या ८० वन्यजातींची नोंद आहे. त्यांपैकी ३१ जाती धोक्यात आलेल्या आहेत.

साखळी कोणाच्या हातात?

मग शेपूट सरळ होणार नाही म्हणून हात टेकायचे का? इतिहास तसे सांगत नाही. शिकारीच्या काळात कुत्रा कधीच मोकाट नव्हता. तो दोरीवर नेला जाई आणि शिकाऱ्याने सोडला की सुटे. केव्हा सोडायचे याचा निर्णय माणसाचा होता. आपण कुत्र्याचा वेग ठेवला, रुबाब ठेवला. हा निर्णय तेवढा हातातून सोडून दिला.

तो परत हातात घेण्याचे मार्ग साधे आहेत. माळालगत पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे वन्यप्राणी चरायला बाहेर पडतात तेव्हा, कुत्रा साखळीशिवाय नेऊ नये. पावसाळ्यात, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या काळात, तर मुळीच नाही. मोकळे धावणे ही कारवानीची गरज आहे; ती कुंपण घातलेल्या शेतात किंवा आवारात भागवावी. लांब काठीला दोरी आणि दोरीला फडके बांधून फिरवले तर त्याला पाठलागाचे सुख मिळते आणि कोणाचा जीव जात नाही. हाकेला परत येण्याची सवय पिल्लूपणापासून, दहा-पंधरा मीटरच्या दोरीवर, रोज थोडी थोडी लावावी. परत आल्यावर खाऊ द्यावा. पळून गेलेला कुत्रा परतल्यावर त्याला झोडपणे ही आपल्याकडची सर्रास चूक आहे. मार शिकारीबद्दल होता हे त्याला कळत नाही, परतल्याबद्दल मार बसला एवढेच कळते. पुढच्या वेळी तो उशिरा परततो. नसबंदीने भटकणे कमी होते, पण पाठलाग थांबेल अशी अपेक्षा धरू नये. रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्होची लस मात्र चुकवू नये. अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतील पाळीव जनावरांच्या लसीकरणाची तरतूद तर कायद्यातच आहे.

आणि कितीही शिकवले तरी समोरून काळवीट उधळले की हाक कानात शिरेलच, याची खात्री कोणताही जाणता कुत्रेवाला देणार नाही. म्हणून शिकवण ही साखळीच्या जोडीला हवी, साखळीच्या जागी नव्हे.

काळविटामागे सुटलेला कारवानी अपराधी नाही. ज्या कामासाठी आपल्या पूर्वजांनी त्याला घडवले, तेच तो इमानाने करत असतो. बदल झाला आहे तो माळात आणि कायद्यात, आणि तो समजण्याची बुद्धी दोघांपैकी एकालाच आहे. माहुलीला खंड्याचे स्मारक बांधणाऱ्या परंपरेने कुत्र्याच्या इमानाची कदर केली. आता नान्नजच्या वाटेवर तीच कदर करायची, तर त्याच्या गळ्यातली साखळी आपल्या हातात घट्ट असायला हवी.