'पण लक्षात कोण घेतो?' : टिपणांपलीकडचे अध्यापन

हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी मराठीच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना नवी नाही. मात्र वर्गात ती बहुधा कथासार, व्यक्तिरेखा आणि 'सामाजिक कादंबरीची वैशिष्ट्ये' अशा तीन टिपणांत आटोपली जाते. गाइड वाचून उत्तर लिहिता येते, गुणही मिळतात. यमू मात्र विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. जिचे शीर्षकच वाचकाला जाब विचारते, ती कादंबरी तरी अशी शिकवली जाऊ नये. राज्य मंडळाने दहावीच्या भाषा विषयांसाठी २०१८-१९ पासून कृतिपत्रिका आणली आणि 'कृती' हा शब्द शिक्षकांच्या अंगवळणी पडला. हीच पद्धत कनिष्ठ महाविद्यालयात किंवा पदवीच्या वर्गात एका दीर्घ कादंबरीसाठीही वापरता येते.

कादंबरी आणि तिचा काळ

हरिभाऊंचा जन्म १८६४चा, निधन १९१९चे. १८९०मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातूनच ही कादंबरी क्रमशः वाचकांपुढे आली. यमू या ब्राह्मण घरातील मुलीने सांगितलेली ही स्वतःची कहाणी आहे. बालपण, लहान वयातले लग्न, सासर, पती रघुनाथरावांबरोबर मुंबईत लाभलेला मोकळा श्वास, अकाली वैधव्य आणि पुढे सासरच्या घरात शंकरमामंजींच्या पुढाकाराने बळजबरीने झालेले केशवपन असा तिचा प्रवास आहे.

शिकवताना हे चार टप्पे करावेत : माहेर, सासर, मुंबई आणि परतणे. प्रत्येक टप्प्यातील निवडक प्रकरणे वर्गात मोठ्याने वाचावीत, बाकीची घरी. कादंबरीचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला असल्याने मूळ संहितेतील पानांच्या प्रती काढून वाटण्यास अडचण नाही.

वर्गात करता येण्याजोग्या कृती

क्रमशः वाचन : मूळ वाचकांप्रमाणेच विद्यार्थ्यांनीही दर आठवड्याला ठरावीक भाग वाचावा. पुढे काय होणार हे सांगू नये. प्रत्येक भागानंतर एका विद्यार्थ्याने १८९१ सालचा वाचक होऊन संपादकांना पत्र लिहावे. पत्रलेखक कधी कर्मठ गृहस्थ असेल, कधी चोरून वाचणारी सून, कधी महाविद्यालयातला तरुण. एकच प्रकरण तिघांना कसे वेगळे वाटते, हे त्यातून आपोआप उलगडते.

दोन यमू : ही या कादंबरीसाठीची सर्वांत उपयुक्त कृती म्हणता येईल. कथा सांगणारी यमू प्रौढ आहे. कथेत वावरणारी यमू सुरुवातीला अजाण मूल आहे. वहीच्या पानाचे दोन भाग करून एका बाजूला 'त्या वेळी यमूला काय वाटले' आणि दुसऱ्या बाजूला 'लिहिताना तिला काय उमगले आहे' अशा नोंदी घ्याव्यात. लग्नाच्या प्रसंगासारख्या भागात या दोन रकान्यांतले अंतर ठळक दिसते. निवेदनतंत्र ही संकल्पना व्याख्या न सांगता समजते.

वाड्याचा नकाशा : ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, परसू या जागा गटागटाने कागदावर रेखाटाव्यात. कोणाला कोठवर जाता येते, पुरुषांचे बोलणे कोठे चालते आणि ते आतल्या बाजूला कसे ऐकू येते, हे वेगवेगळ्या रंगांनी दाखवावे. नंतर शेजारी मुंबईच्या बिऱ्हाडाचा नकाशा ठेवावा. यमूला मुंबईत नेमके काय मिळाले, याचे उत्तर विद्यार्थ्यांना तेथे सापडेल.

शब्दांची वही : सोवळे, आलवण, केशवपन, सासुरवास असे शब्द आधी संदर्भावरून ओळखावेत, मग दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त पाहावेत. यांतील कोणते शब्द घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहेत, याचीही नोंद करावी.

संमतिवयाची सभा : कादंबरी प्रसिद्ध होत असतानाच, मार्च १८९१मध्ये संमतिवयाचा कायदा संमत झाला. मुलींसाठीची मर्यादा त्याने १० वरून १२ वर्षांवर नेली. रानडे, आगरकर, भांडारकर यांनी त्याला पाठिंबा दिला. सरकारने अशा बाबतीत कायद्याने हस्तक्षेप करू नये, अशी भूमिका घेऊन टिळकांनी विरोध केला. वर्गात ही सभा भरवावी. अट एकच : प्रत्येक वक्त्याने आपल्या म्हणण्यासाठी कादंबरीतील किमान एका प्रसंगाचा आधार द्यावा. ही अट नसेल तर सभा वक्तृत्वस्पर्धा होते आणि कादंबरी बाजूला पडते.

कालरेषा : १८५६चा विधवाविवाहाचा कायदा, १८८२मधील ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना', १८८९मधील पंडिता रमाबाईंचे शारदा सदन, १८९३मधील धोंडो केशव कर्वे यांचा विधवाविवाह या घटना भिंतीवर क्रमाने लावाव्यात. १८९०मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला, ही नोंद वगळू नये. सुधारणेचा विचार केवळ शिक्षित उच्चवर्णीय घरांतूनच आला नाही, हे तिच्यामुळे लक्षात येते. ताराबाईंच्या निबंधाशेजारी आणखी एक प्रश्न ठेवता येतो : स्त्रीची व्यथा पुरुष लेखकाने स्त्रीच्या तोंडून सांगितली, तेव्हा काय साधले आणि काय निसटले?

पथ्ये

केशवपनाचा प्रसंग नाट्यरूपाने करवून घेऊ नये. तो शांतपणे वाचावा, त्यावर लगेच प्रश्न विचारू नयेत. दहा मिनिटे प्रत्येकाला लिहू द्यावे. 'तुमच्या घरी असे घडले आहे का?' असा प्रश्न भर वर्गात टाळावा. या सूचनेमागे सबळ कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदा असतानाची ही स्थिती आहे. म्हणजे एखाद्या वर्गात बसलेल्या मुलीचे लग्न घरी ठरत असू शकते. अशी मुलगी वर्ग संपल्यावर बोलायला आली, तर शिक्षकाला १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक ठाऊक असला पाहिजे.

वैधव्याच्या प्रथांचेही तसेच. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. हा ठराव कालरेषेच्या शेवटी लावावा. कादंबरी आणि हा ठराव यांत १३० वर्षांचे अंतर आहे.

मूल्यमापन

पत्र, नकाशा, दोन रकान्यांची वही आणि सभेतील भाषण यांना गुण देताना सजावटीपेक्षा संहितेचा आधार पाहावा. विद्यार्थ्याने दाखला दिला का, तो योग्य जागी दिला का आणि त्यातून स्वतःचे मत मांडले का, हे तीन निकष पुरेसे आहेत. कृती हे वाचनाचे साधन आहे. कादंबरी न वाचता पार पाडता येणारी कृती कितीही रंजक असली तरी रद्द करावी. शेवटच्या तासाला शिक्षकाने भाष्य न करता फळ्यावर कादंबरीचे शीर्षक लिहावे आणि त्यातील प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाकडून एका परिच्छेदात लिहून घ्यावे.