एका कलमाची जन्मकथा

धर्मभावना दुखावल्या, सबब लिहिणारास शासन करा, ही मागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्या पाठीशी असलेला कायदा मनूच्या काळापासूनचा असावा, असे एखाद्यास वाटावे. वस्तुतः तो १९२७ सालचा आहे. लाहोरातील एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यातून तो जन्माला आला. तो कसा आला, हे पाहिल्यावाचून त्याच्या गुणदोषांचा विचार नीट व्हावयाचा नाही.

मेकॉलेच्या मसुद्यावरून १८६० साली जो पिनल कोड तयार झाला, त्यात धर्मविषयक गुन्ह्यांचे एक प्रकरण होतेच. प्रार्थनास्थळ विटाळणे, धार्मिक सभेत दंगा करणे, समोरच्याचे मन दुखविण्याच्या बुद्धिपुरस्सर हेतूने बोलणे वा हावभाव करणे, हे गुन्हे ठरले. छापील मजकूर मात्र त्या प्रकरणात आला नाही. धर्मचर्चेला वाजवी मोकळीक असावी, असे खुद्द मेकॉलेच्या मंडळींचेच म्हणणे होते. पुढे १८९७ साली ‘केसरी’तील मजकुराबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. दुसऱ्याच वर्षी सरकारने राजद्रोहाचे कलम अधिक रुंद केले, आणि त्याच कायद्याने १५३-अ हे नवे कलम घातले. प्रजेच्या निरनिराळ्या वर्गांत वैर पसरविणे हा त्याचा विषय. हिंदुस्थानातील लेखणीवर पडलेला तो आणखी एक लगाम.

आता १९२४ साली लाहोरला जाऊ. त्या काळी पंजाबात आर्यसमाजी आणि मुसलमान प्रचारक यांच्यात पुस्तिकांचे युद्ध चालू होते. महाशय राजपाल या आर्यसमाजी प्रकाशकाने ‘रंगीला रसूल’ नावाची पुस्तिका काढली. लेखकाचे नाव तीवर नव्हते. पैगंबरांच्या खाजगी आयुष्याची त्यात कुचेष्टा होती. गांधीजींनी त्याच वर्षी ‘यंग इंडिया’तून तिचा निषेध केला. सरकारने १५३-अ खाली राजपालवर खटला भरला. खालच्या कोर्टांनी त्याला दोषी ठरविले. पण मे १९२७ मध्ये लाहोर हायकोर्टाचे न्यायमूर्ती दलीपसिंग यांनी त्याची सुटका केली.

पुस्तिका द्वेषमूलक आहे, हे न्यायमूर्तींनी नाकारले नाही. प्रश्न कायद्याचा होता. १५३-अ हे कलम जिवंत माणसांच्या वर्गांमध्ये वैर माजविण्याविरुद्ध आहे. दिवंगत धर्मसंस्थापकाच्या चरित्रावरील टीका त्यात ओढली, तर एखाद्या गंभीर इतिहासग्रंथालाही गुन्हा म्हणावे लागेल, असे त्यांचे म्हणणे. त्याच महिन्यात लाहोर दंगलीने होरपळत होते. जेमतेम पाच महिन्यांपूर्वी दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांचा खून झाला होता. अशा हवेत हा निकाल म्हणजे ठिणगीच. ‘मुस्लिम आउटलुक’ या पत्राने न्यायमूर्तींवर टीका केली, तेव्हा कोर्टाच्या बेअदबीबद्दल त्याच्या संपादकाला आणि मालकाला तुरुंगात जावे लागले. राजपाल सुटला आणि त्याच्या सुटकेवर लिहिणारे आत गेले!

वास्तविक ऑगस्टमध्ये अमृतसरच्या ‘वर्तमान’ मासिकाच्या अशाच खटल्यात त्याच हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी १५३-अ खालीच शिक्षा ठोठावली. जुना कायदा पुरेसा आहे, असा त्याचा अर्थ होत होता. तरीही सरकारने मध्यवर्ती कायदेमंडळात बिल आणले आणि सप्टेंबर १९२७ मध्ये २९५-अ हे कलम मंजूर झाले. चर्चेत बॅरिस्टर जीनांनी एक इशारा दिला होता: इतिहासाचे प्रामाणिक संशोधन करणारे आणि धर्माची सद्भावनेने चिकित्सा करणारे यांना संरक्षण मिळालेच पाहिजे. सिलेक्ट कमिटीने ‘बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने’ हे शब्द घातले, ते याच भीतीपोटी.

त्या सभासदांना मूर्ख म्हणण्याचे कारण नाही. रस्त्यावर रक्त सांडत होते, आणि कायद्याने क्रोधाला वाट करून द्यावी, ही त्यांची आशा होती. ती किती फळली? ६ एप्रिल १९२९ रोजी इल्मुद्दीन नावाच्या तरुणाने राजपालला लाहोरातच भोसकून ठार केले. अपिलात इल्मुद्दीनची बाजू मांडावयास जीना उभे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो फासावर गेला. कलम झाले होते. खून टळला नाही.

फाळणीनंतर हे कलम दोन्ही घरांच्या वाटणीस आले. पाकिस्तानात त्याच्या शेजारी १९८६ साली २९५-क आले आणि पैगंबरांच्या निंदेसाठी देहान्ताची शिक्षा सांगितली गेली. या कायद्यावर टीका करणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना २०११ साली त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. आपल्याकडे १९५७ साली ‘गोरक्षक’ मासिकाचे संपादक रामजीलाल मोदी यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २९५-अ वैध ठरविले; केवळ बुद्धिपुरस्सर, दुष्ट हेतूने केलेला अपमानच त्यात येतो, असा दिलासा दिला. १९६१ साली शिक्षेची मर्यादा दोन वर्षांवरून तीनवर गेली. १ जुलै २०२४ पासून पिनल कोड गेला आणि भारतीय न्याय संहिता आली. कलम तिथे २९९ या आकड्याने नांदत आहे.

माझ्या मते खरी मेख आहे ती कामकाजाच्या क्रमात. दुष्ट हेतू होता की नव्हता, हे ठरते खटल्याच्या शेवटी. पण गुन्हा दखलपात्र आणि बिनजामिनी. फिर्याद नोंदली की पोलिसांना वॉरंटावाचून धरता येते. सरकारची मंजुरी लागते, ती पुढे कोर्टाने खटला हाती घेताना. म्हणजे जीनांच्या प्रामाणिक संशोधकाला कमिटीने जी ढाल दिली, ती त्याच्या हाती पडेपर्यंत घाव बसून चुकलेला असतो.

महाराष्ट्राने हे पाहिले आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तकातील मजकुरावरून क्षोभ झाला. प्रकाशकांनी नोव्हेंबर २००३ मध्येच पुस्तक मागे घेतले. तरी जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि ग्रंथसंपदेची नासधूस झाली. त्याच महिन्यात १५३-अ खाली गुन्हा नोंदला गेला आणि पुस्तकावर बंदी आली. लेन यांचे ते लिखाण पुष्कळांना अश्लाघ्य वाटले, आणि तसे म्हणण्याचा त्यांना पुरा अधिकार आहे. पण सुप्रीम कोर्टाने तो गुन्हा रद्द केला २००७ साली. शब्दांचा परिणाम खंबीर आणि विवेकी माणसाच्या मापाने मोजावा, हळव्या मनाच्या नव्हे, असे कोर्टाने सांगितले. बंदी उठविण्याचा मुंबई हायकोर्टाचा निकाल वर कायम झाला तो २०१० साली. तोवर सहा वर्षे लोटली होती.

द्वेषाचा प्रचार मोकाट सोडावा, असे कोणी म्हणणार नाही. ‘अमक्यांना मारा’ अशी चिथावणी देणाराला तत्काळ आवरलेच पाहिजे, आणि त्यासाठी वेगळी कलमे आहेत. पण श्रद्धेची चिकित्सा करणारा आणि माणसावर जमाव सोडणारा, यांना एकाच दारातून आत ढकलणे हा न्याय नव्हे. निदान एवढे तरी व्हावे: हेतूची प्राथमिक तपासणी न्यायाधीशाने अटकेच्या आधी करावी. १९२७ च्या सभासदांनी ‘दुष्ट हेतूने’ हे शब्द लिहिले, ते कामकाजाच्या आरंभी वाचले गेले, तरच त्यांचा काही उपयोग.