काचेवरचं पाणी कुठून येतं?



गेल्या जानेवारीतली गोष्ट. पहाटे चारच्या सुमारास आमच्या वस्तीवरच्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. जवळ चारचाकी एकच, ती आमच्या गटाची जुनी व्हॅन. पापड आणि मसाले तालुक्याच्या बाजारात न्यायला आम्ही कर्ज काढून घेतलेली. गाडी चालवणाऱ्या वहिनी किल्ली घेऊन धावत आल्या. पाहतात तर समोरची काच आतून-बाहेरून पांढरीफेक! पदराने पुसली, तर पुन्हा धरली. मागून सासूबाई म्हणतायत, "अगं, निघ ना लवकर!" आणि वहिनींना रस्ताच दिसेना. काच नितळ व्हायला दहा मिनिटं गेली. बाळ-बाळंतीण आज सुखरूप आहेत, पण ती दहा मिनिटं आमच्यापैकी कुणी विसरलेलं नाही.

पुढच्या बैठकीत हाच विषय. कुणी म्हणालं, छत गळतंय. कुणी म्हणालं, दाराचं रबर गेलंय. रबर बदललं, पैसे गेले, काच धरायची ती धरतच राहिली. मग आम्ही ठरवलं, हे पाणी येतं तरी कुठून, ते आधी शोधू या. शोधता शोधता दोनशे वर्षं मागे गेलो. आज तीच हकीकत सांगायची आहे.

थंड पाण्याने भरलेला तांब्या ओट्यावर ठेवला की त्याला बाहेरून घाम येतो. तांब्या गळत नाही. हवेत न दिसणारं पाणी असतं, ते थंड धातूला लागलं की थेंब होऊन बसतं. आपल्याला हे रोजचं आहे. पण पहाटेचं दवही याच कारणाने पडतं, हे पुस्तकात यायला १८१४ साल उजाडलं. त्याआधी शिकलेले लोक वाद घालायचे, की दव आभाळातून पडतं की जमिनीतून वर येतं.

हा वाद लंडनच्या विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरांनी मिटवला. त्यांनी काय केलं? लोकरीचे छोटे छोटे पुंजके घेतले, प्रत्येक दहा ग्रेनचा, म्हणजे पाऊण ग्रॅमहूनही कमी. ते रात्री बागेत निरनिराळ्या ठिकाणी ठेवले आणि पुन्हा तोलले. ज्याचं वजन जास्त वाढलं, त्याने दव जास्त प्यायलं. एक फळी चार पायांवर उभी केली, एक पुंजका वर ठेवला, एक खाली बांधला. वरचा चांगला भिजला, खालचा थोडाच. उघड्या आभाळाखालची वस्तू रात्री आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, म्हणून तिच्यावर पाणी धरतं, हे त्यांनी दाखवलं. तब्येत साथ देत नसताना ते रात्र रात्र बागेत बसले. त्या कामासाठी त्यांना इंग्लंडच्या रॉयल सोसायटीचं रमफर्ड पदक मिळालं.

त्यांच्या पुस्तकात आपल्या देशातल्या कारागिरांचंही काम आहे. तेव्हा उत्तर हिंदुस्थानात आणि बंगालमध्ये हिवाळ्यात बर्फ तयार करत. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली अलाहाबादच्या बर्फाची रीत छापली. उघड्या मैदानात उथळ खड्डे करायचे, त्यात उसाची किंवा मक्याची सुकी ताटं पसरायची, वर मातीच्या उथळ थाळ्यांत पाणी भरून संध्याकाळी ठेवायचं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की पहाटे थाळीत बर्फ! भोवतालची हवा गोठण्याइतकी थंड नसली तरीही. वेल्सनी याचं कारण दिलं, की थाळीतल्या पाण्याची उष्णता आभाळाकडे निघून जाते आणि खालची ताटं जमिनीची ऊब वर येऊ देत नाहीत. कारण छापायच्या कितीतरी आधी बर्फ करणारे हात ती रीत रोज वापरत होते.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. माळी लोक कोवळ्या रोपांवर रात्री पातळ चटई टाकायचे. वेल्सना आधी त्याचं हसू यायचं. एवढ्याशा चटईने थंडी काय अडणार? मग त्यांनी चार काड्यांवर पातळ रुमाल ताणून बांधला आणि खालच्या गवताची उष्णता मोजली. झाकलेलं गवत उघड्या गवतापेक्षा काही अंशांनी ऊबदार निघालं. आपण अर्धवट ज्ञानाच्या गर्वाने माळ्यांना हसत होतो, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं.

हे वाचलं आणि आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कारण आमच्या गटातल्या एका काकूंनी थंडी सुरू झाल्यावरच सुचवलं होतं, "रात्री काचेवर जुनी गोधडी टाका गं." आम्हीच हसलो होतो. गाडीला काय सर्दी होणार आहे? त्याच आठवड्यात गाडी अंगणातून काढून गोठ्याच्या पत्र्याखाली लावली आणि काचेवर गोधडी टाकली. सकाळी गोधडी ओलसर, पण खालची काच जवळजवळ कोरडी. बैठकीत आम्ही काकूंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी नको, गोधडी धुऊन द्या."

ही झाली काच थंड न होऊ देण्याची बाजू. दुसरी बाजू गाडीच्या आतल्या पाण्याची. काच आतून धरली आहे की बाहेरून, हे कसं ओळखायचं? आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर पाणी आत आहे, नाही तर बाहेर. बाहेरच्या पाण्याची सोय एका बाईने केली. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तिथे हिमपावसात ट्रामचालकाला समोरची काच उघडून बाहेर बघावं लागतं, हे त्यांनी पाहिलं. आतून दांडा हलवून बाहेरची काच पुसायचं साधन त्यांनी बनवलं. १९०३ साली त्याचं पेटंट मिळालं. मात्र ते विकत घ्यायला कुणी तयार झालं नाही आणि पेटंटची मुदत संपून गेली. आज प्रत्येक गाडीला वायपर आहे, त्यातून त्यांना पैसा मिळाला नाही.

आतल्या पाण्याला वायपर चालत नाही. तिथे हवेतलंच पाणी काढावं लागतं. हे काम करणारं यंत्र म्हणजे एसी. विलिस कॅरियर या इंजिनिअरने १९०२ साली त्याची पहिली आखणी केली ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नाही, तर ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. त्यावर उपाय म्हणून हवेतला दमटपणा काबूत ठेवणारं यंत्र आलं. म्हणून आजही गाडीतला एसी लावला की आतून धरलेली काच लवकर मोकळी होते. आमच्या गाडीत एसी नाही, त्यामुळे आम्ही हिशेब मांडला.

तीस अंशांच्या पूर्ण दमट हवेत एका घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी मावतं, वीस अंशांना सुमारे १७ ग्रॅम. आमच्या व्हॅनमध्ये चारेक घनमीटर हवा धरली, तर गार होताना तिच्यातून फार तर ५० ग्रॅम पाणी सुटेल. म्हणजे जेमतेम अर्धा कप चहाएवढं. पण पायाखालचं ओलं गोणपाट? ते एकटंच लिटरभर पाणी धरून बसतं आणि रात्रभर हवेला देत राहतं. शिवाय आत माणूस झोपलं असेल तर त्याचा श्वासही पाणीच सोडतो. श्रावणात आमचे पापड सादळले आणि दुकानदाराने परत पाठवले, तेव्हा आम्ही पॅकिंगला दोष दिला होता. खरा दोष त्या गोणपाटाचा आणि मागे फेकलेल्या ओल्या छत्र्यांचा होता.

मिठाचा उपायही आपल्या घरातलाच. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं, म्हणून आपल्या सासवा मिठात भाजलेल्या तांदळाचे दाणे टाकायच्या. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी त्याच जातीची. ती बनवायची पद्धत अमेरिकेतले प्राध्यापक वॉल्टर पॅट्रिक यांनी शोधली, १९१९ साली तिला पेटंट मिळालं. पण पुडीने गाडी कोरडी होत नाही. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी धरतं. दोन ग्रॅमच्या पुडीत ग्रॅमभरही मावत नाही. ती पापडाच्या डब्यात ठीक. तीही खाद्यपदार्थांसाठीचीच घ्यायची, न फाटलेली, आणि मुलांच्या हाती लागू द्यायची नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. गाडी लावताना ओली गोणपाटं, मॅट, छत्र्या, इरली सगळं खाली उतरवतो. दुपारी ऊन पडलं की तासभर सगळी दारं उघडी ठेवतो. पावसाळ्याच्या रात्री खिडकी उघडी ठेवून फारसा उपयोग नाही, बाहेरची हवाही ओलीच असते. आत पसरट प्लास्टिकच्या डब्यात खडे मीठ ठेवतो, ओलं झालं की तव्यावर कोरडं करतो. डबा कलंडू द्यायचा नाही, मिठाच्या पाण्याने पत्रा गंजतो. काच आतून साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या सुती फडक्याने पुसतो, कारण तेलकट मळक्या काचेवरची वाफ जास्त धूसर दिसते. पदराने पुसायचं बंद केलं. हिवाळ्यात पत्र्याखाली गाडी आणि वर गोधडी. सकाळी ती गोधडी दोरीवर, गाडीत नाही.

आणि एक गोष्ट कधीही करायची नाही. ओल घालवायला म्हणून बंद गाडीत शेगडी किंवा निखारे ठेवू नका. बंद जागेत गाडीचं इंजिन चालू ठेवून आत बसू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातं.

गेल्या महिन्यात पुन्हा पहाटे गाडी काढावी लागली, एका आजींना दम लागला होता म्हणून. वहिनींनी गोधडी ओढली, चावी फिरवली आणि निघाल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी धान्य, मीठ, पापड, अंथरुणं कोरडी ठेवायच्या काय रीती आहेत? घरातल्या आजींना, काकूंना विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा, सांगणाऱ्या बाईच्या नावासकट. आमच्या वहीत गोधडीच्या उपायापुढे काकूंचं नाव लिहिलेलं आहे.