उसळी न घेणारे रबर

काही वर्षांपूर्वी मृगाच्या पहिल्या सरीत वळणावर माझी स्कूटर घसरली. गुडघा फुटण्यावर निभावले. मला टायरचा संशय नव्हता, कारण तो ‘गोटा’ झालेला नव्हता. नक्षी चांगली खोल होती. पंक्चरवाल्याने मात्र टायरच्या बगलेवरील चार आकड्यांवर बोट ठेवले. पहिले दोन आकडे निर्मितीचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. टायर नऊ वर्षांचा होता. “साहेब, रबर मेलंय,” तो म्हणाला.

त्याचे निदान बरोबर होते. हवेतील प्राणवायूमुळे रबराच्या लांबलचक रेणूंमध्ये जादा बंध तयार होतात, रबर कडक होते आणि डांबराच्या बारीक उंचसखलपणात शिरेनासे होते. पण ‘मेलेले रबर’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि त्या अर्थाने मेलेले रबरच पावसात आपला जीव वाचवते. हे समजायला टायरच्या शोधानंतर शंभरेक वर्षे जावी लागली.

हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेविशीतल्या स्कॉटिश तरुणाने घेतले. त्या काळी ना सायकली होत्या ना मोटारी; घोडागाडीला ते चाक महागच पडणार. कल्पना विस्मरणात गेली. १८८७-८८ मध्ये बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने, थॉमसनची माहिती नसताना, तीच कल्पना पुन्हा शोधली. मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्याने रबरी नळीत हवा भरली, ती लाकडी चकतीवर बसवली आणि सायकलच्या भरीव रबरी चाकासोबत ती अंगणात घरंगळत सोडली. हवेचे चाक कितीतरी लांब गेले. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या सायकलपटूने असे टायर लावून बेलफास्टला शर्यती जिंकल्या. थॉमसनच्या जुन्या पेटंटमुळे डनलॉपचे पेटंट पुढे रद्द ठरले, तरी नाव राहिले ते डनलॉपचेच.

डनलॉपची कसोटी लक्षात घ्या: जे चाक लांब घरंगळते ते चांगले. म्हणजेच दाबले गेल्यावर घेतलेली ऊर्जा जे रबर जवळजवळ पूर्ण परत करते ते चांगले. उसळणारा चेंडू हे अशा रबराचे उदाहरण. याउलट ब्युटिल रबराचा चेंडू खाली टाकला तर तो जमिनीवर जवळजवळ बसूनच राहतो. घेतलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने आतच जिरते. या गुणधर्माला हिस्टेरिसिस म्हणतात. मराठी परिभाषेत मंदायन.

१९५८ साली केंब्रिजमध्ये ग्रीनवूड आणि टेबर यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी रबरावर साबणाचा थर दिला आणि त्यावरून टणक गोळी घसरवली. साबणामुळे पृष्ठभागांची चिकटण नाहीशी झाली होती, तरीही घर्षण उरलेच, आणि ते गोळी रबरावरून नुसती घरंगळवताना होणाऱ्या विरोधाएवढे होते. गोळी पुढे सरकताना समोरचे रबर दाबले जाते आणि मागचे उसळून गोळीला ढकलते. रबर पूर्ण उसळले नाही तर हिशेब जुळत नाही; उरलेली तूट म्हणजेच घर्षण. आता गोळीच्या जागी रस्त्यातील खडी आणि साबणाच्या जागी पावसाचे पाणी ठेवून पाहा. ओल्या रस्त्यावर पकड हवी असेल तर उसळी न घेणारे रबर हवे!

मग डनलॉपच्या कसोटीचे काय? असे टायर बाजारात आले आणि पावसात ते चांगले चाललेही, पण ते इंधन जास्त खात आणि लवकर झिजत. पकड आणि किफायत एकत्र नांदत नाहीत असेच बराच काळ मानले गेले.

यातून वाट निघाली ती अंकगणितातून. ते वर्गात सहज करता येईल. आपल्याकडील अनेक स्कूटरच्या टायरवर ९०/१००-१० असे लिहिलेले असते. याचा अर्थ रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के आणि रिम १० इंची. म्हणजे व्यास २५४ + १८० = ४३४ मिलिमीटर आणि परीघ सुमारे १.३६ मीटर. ताशी ५० किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला दहा फेरे घेते, म्हणजे रबराचा प्रत्येक भाग सेकंदाला दहा वेळा दाबला जातो. पण टायर घसरू लागला, समजा सेकंदाला एक मीटर वेगाने, तर एक दशांश मिलिमीटर अंतरावरील खडबडीमुळे तेच रबर सेकंदाला दहा हजार वेळा दाबले जाईल. रबराचे मंदायन या गतीनुसार बदलते. तेव्हा दहाला उसळणारे आणि दहा हजाराला मेलेले असे रबर हवे. १९९२ मध्ये मिशेलिनने मोटारींच्या टायरमध्ये काजळीच्या जागी बऱ्याच अंशी सिलिका वापरून हे पुष्कळसे साधले.

दुचाकीला आणखी एक सोय आहे. ती वळताना कलते, त्यामुळे सरळ जाताना टायरचा मधला पट्टा झिजतो आणि वळणावर कडेचा भाग रस्त्याला टेकतो. म्हणून मधे टणक आणि कडांना मऊ रबर असे दुहेरी टायर निघाले. २००५ सालापासून ते मिशेलिनच्या रस्त्यावरच्या मोटारसायकल टायरांतही आले.

दुकानात मात्र आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘किती किलोमीटर चालेल?’ दिवसभर शहरात सरळ रस्त्याने माल पोचवणाऱ्याला तो शोभतो. रोज घाट उतरून शाळेत जाणाऱ्या शिक्षकाला वेगळे रबर हवे. स्कूटरवाल्याने एक ध्यानात ठेवावे: १००/९०-१७ मापाचे मोटारसायकलचे चाक किलोमीटरला ५२० फेरे घेते, तर स्कूटरचे ७३३, त्यामुळे सारख्याच रबराचा टायर स्कूटरवर लवकर झिजणारच.

मी त्या दिवशी मऊ रबराचा टायर घेतला. टायरवाल्याने वरचाच काढून दिला होता. बगलेवरचे आकडे वाचून मी तो परत ठेवायला लावला आणि चळतीच्या तळाशी असलेला मागितला. तो नऊ महिन्यांनी ताजा निघाला.