एक नोंद, दोन जागा : नाणेघाट ते शेअर बाजार

१/ मुरबाडहून माळशेजच्या वाटेवर वैशाखरे गाव लागते. त्याच्या पुढून नाणेघाटाची चढण सुरू होते. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे. यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणे यांचा तो हिशेब असून भारतातील अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नोंदींत त्याची गणना होते. मात्र त्याच्या अनेक ओळी झिजून नष्ट झाल्या आहेत. दुसरी प्रत उपलब्ध नसल्याने तेवढा हिशेब कायमचा हरपला.

२/ शेजारच्या शहापूरवरून थळघाटाने नाशिकला जाता येते. तेथील पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्खूंच्या वस्त्रादी खर्चासाठी त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा १, तर १००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. हा व्यवहार निगमसभेत ऐकवण्यात आला आणि प्रथेप्रमाणे फलकावर नोंदवण्यात आला, असेही लेखात म्हटले आहे. म्हणजे एकच नोंद शिळेवरही होती आणि फलकावरही. फलक काळाच्या ओघात गेले, शिळा उरली. दुसरी प्रत ठेवण्याचे प्रयोजन हेच.

३/ परंतु दोन प्रती परस्परांशी जुळल्या नाहीत तर? मराठेशाहीत गावाचा हिशेब कुलकर्ण्याकडे, परगण्याचा देशपांड्याकडे आणि वरिष्ठ नोंदी पुण्याच्या दप्तरात असत. पेशवाईच्या अस्तानंतर इनाम कमिशनने १८५२ च्या कायद्यान्वये इनामदारांचे दावे तपासले, तेव्हा पेशवे दप्तर हा त्या तपासणीचा मोठा आधार ठरला. कोणता कागद प्रमाण मानावा, या एका निर्णयावर घराण्यांची वतने टिकली किंवा गेली.

४/ संगणकयुगात हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. महत्त्वाची प्रणाली एका सर्व्हरवर न चालवता अनेक सर्व्हरांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, चालवली जाते. एक बंद पडला की दुसरा काम हाती घेतो. त्यासाठी सर्वांना एकच सामाईक साठा दिसावा लागतो. पण तो साठाच निकामी झाला तर सर्व सर्व्हर असूनही उपयोग नाही. म्हणून साठ्याचीच हुबेहूब प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

५/ या पद्धतीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक नोंद दोन्ही ठिकाणी उमटल्यावरच ती पूर्ण झाली असे मानतात. त्यामुळे काहीच हरवत नाही. दुसऱ्यात दूरची प्रत थोडी मागे राहते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-चेन्नई अंतर १००० किलोमीटरहून अधिक असल्याने केवळ जाण्यायेण्यात १० मिलिसेकंदांहून अधिक काळ जातो. प्रत्येक नोंदीसाठी एवढे थांबणे बाजाराला परवडत नाही. म्हणून तंतोतंत प्रत जवळ ठेवतात आणि मोठ्या आपत्तीसाठीची प्रत दूर.

६/ खरी अडचण दुवा तुटल्यावर येते. दोन्ही केंद्रे सुस्थितीत असतात, पण प्रत्येकाला दुसरे बंद पडल्यासारखे दिसते. दोघांनीही नोंदी घेणे चालू ठेवले तर एका खात्याची दोन सत्ये तयार होतात. हे टाळण्यासाठी तिसऱ्या ठिकाणी एक साक्षीदार यंत्रणा ठेवतात; कोणी चालू राहायचे हे ती ठरवते. उषवदाताच्या व्यवहाराला निगमसभा साक्षी होती, तसेच काहीसे हे काम.

७/ बुधवार, २४ फेब्रुवारी २०२१. मासिक वायदा-करारांच्या समाप्तीचा आदला दिवस. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमधील व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले. एक्स्चेंजने पुढे दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या दोन्ही दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या अस्थिर झाल्या होत्या. प्रमुख कारण होते दोन केंद्रांमधील रस्त्यावरचे खोदकाम व बांधकाम.

८/ दुवा तुटला तरी मुख्य केंद्र चालू राहील, अशी रचना होती. प्रत्यक्षात साठा सांभाळणारी ‘स्टोरेज एरिया नेटवर्क’ प्रणाली अनपेक्षितपणे वागली आणि मुख्य केंद्रातील सर्व्हरांनाच साठा दिसेनासा झाला. जोखीम-व्यवस्थापनाची प्रणाली बंद पडल्यावर सौदे चालू ठेवणे धोक्याचे होते. चेन्नईचे आपत्ती-केंद्र त्या दिवशी वापरले गेले नाही. व्यवहार दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले आणि ५ पर्यंत चालले. परंतु वेळ वाढल्याची घोषणा होण्यापूर्वीच अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे त्या दिवसापुरते सौदे बीएसईवर मिटवून टाकले होते. नोंदी शाबूत राहिल्या. तोटा मात्र त्या ग्राहकांच्या पदरी पडला.

९/ यानंतर, मार्च २०२१ मध्ये, सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची प्रणाली कोलमडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करावे, असे ठरले. येथे नियमाचा रोख नव्या यंत्रांपेक्षा निर्णयाच्या वेळेवर आहे, हे लक्षात घ्यावे. पर्यायी केंद्र २०२१ मध्येही होते. ‘आता तिकडे जायचे’ हे वेळेत ठरले नव्हते.

१०/ पुढे २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी शेअर बाजार मुद्दाम उघडण्यात आले. पहिले सत्र मुख्य केंद्रावरून झाले, दुसरे आपत्ती-केंद्रावरून. सौदे खरे होते, पैसेही खरे होते. दुसरी प्रत नुसती जपून ठेवणे पुरेसे नाही, तिच्यावरून कारभार करून पाहावा लागतो, हे तीन वर्षांपूर्वीच्या त्या बुधवारने शिकवले होते.