फवारणी, मज्जातंतू आणि एक न झालेले केंद्र

रुग्णालयात मज्जासंस्थेचे संशोधन-केंद्र उभारायचे म्हटले की इमारत, यंत्रे आणि कोनशिला डोळ्यांपुढे येतात. इतिहास वेगळे सांगतो. अशा केंद्राचा पाया रुग्णाच्या खाटेशेजारी, नोंदवहीत घातला जातो.

१९७४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयातील डॉ. आर. एस. वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक प्यायलेल्या २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लक्षणांचे त्यांनी दोन गट पाडले. पहिला दाखल होतानाच दिसणारा, अ‍ॅट्रोपिनला दाद देणारा. दुसरा चोवीस तासांनंतर स्नायूंच्या दुर्बलतेने प्रकटणारा आणि अ‍ॅट्रोपिनला न जुमानणारा. या दुसऱ्या अवस्थेसारख्याच लक्षणसमूहाला श्रीलंकेतील संशोधकांनी १९८७ मध्ये स्वतंत्र नाव दिले. रुग्ण सावरला असे वाटत असतानाच त्याचा श्वास अडतो, हे त्यातले भयावह सत्य.

या विषाचे कूळही विसरू नये. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधत असताना त्यांच्या हाती ‘टाबुन’ हा युद्धोपयोगी विषारी पदार्थ लागला. मज्जातंतूचा संदेश स्नायूला पोचल्यावर तो थांबवणारे विकर निकामी करणे, हेच दोहोंचे कार्य.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पुण्याच्या रुग्णांनी विष प्यायले होते. यवतमाळच्या मजुरांच्या अंगात ते श्वासावाटे, कातडीवाटे शिरले, तेही अनेकदा एकाहून अधिक औषधांच्या मिश्रणातून. म्हणून इथला प्रश्न निराळा आहे: जे वाचले, त्यांची दृष्टी, स्मरण, हातांचे बळ पुढच्या हंगामांत कसे राहिले? याचे उत्तर हंगामापूर्वी व हंगामानंतर केलेली रक्तातील कोलिनएस्टरेझची चाचणी आणि वर्षानुवर्षे जपलेली नोंदच देईल. दूरच्या शहरातल्या केंद्राला ते साधणे कठीण.

आम्ही भाषेचे अध्यापक. आम्हांला ‘विषबाधा’ हा शब्द अडतो. ‘बाधा’ म्हटले की भूतबाधेसारखी ती आपोआप झाली असे वाटते. कर्ता दिसेनासा होतो. कारण शोधून नोंदवणारे शास्त्रच हा पडदा दूर करू शकते. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गहुलीच्या वसंतराव नाईकांचे, शेतीला राज्यकारभाराच्या केंद्रस्थानी मानणाऱ्या मुख्यमंत्र्यांचे, नाव धारण करते. शेतमजुराच्या मज्जातंतूंचा अभ्यास त्या नावाच्या छायेत सुरू व्हावा, याहून औचित्यपूर्ण काय असेल? इमारत मागाहून होईल. नोंदवही मात्र येत्या हंगामाआधी उघडायला हवी.