गॉर्डन हॉलचा उन्हाळा

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो, तेव्हा मांजरसुंब्यावरून कपिलधारला एक चक्कर मारली. तुम्ही रील्समध्ये बघता तो धबधबा पावसाळ्यातला. मार्चमध्ये तिथे नुसता तापलेला काळा कातळ असतो. चप्पल काढून मन्मथस्वामींच्या समाधीपर्यंत जाताना मी अक्षरशः उड्या मारत गेलो. सावलीत एक आजी 'परमरहस्य'ची पोथी वाचत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बस रे बाळा, टेकीव की जरा. ऊन काय पळून चाललंय का?"

टेकलो. आणि डोक्यात एक विचार आला. लिंगायत परंपरेची बाराव्या शतकातली वचनं कन्नडमध्ये. शास्त्राचे ग्रंथ संस्कृतमध्ये. मन्मथस्वामी साधारण सोळाव्या शतकातले. आपलं म्हणणं इथल्या माणसाला कळावं म्हणून त्यांनी ते मराठी ओवीत आणलं. म्हणूनच आज त्या आजी कुणाला अर्थ न विचारता वाचत होत्या. म्हणजे गावोगाव जाऊन धर्म सांगणाऱ्याला आधी दोन गोष्टी जमायला हव्यात: ऊन सोसणं आणि समोरच्याच्या भाषेत बोलणं.

मग मला आठवला गॉर्डन हॉल. त्याला या दोन्ही गोष्टी शून्यापासून शिकाव्या लागल्या. आजचा भाग त्याच्यावर.

हॉल अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. जन्म १७८४चा. तिकडे हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. हा फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरला तेव्हा २८ वर्षांचा होता, म्हणजे आत्ता माझं आहे तेवढंच वय. सोबत सॅम्युएल नॉट आणि त्याची बायको. त्या वेळी ब्रिटन आणि अमेरिकेचं युद्ध चालू होतं, शिवाय ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. लोक भडकतील, धंदा बुडेल ही भीती. त्यामुळे आल्या आल्या 'परत जा' असा हुकूम. मधे दोघं गुपचूप जहाजानं कोचीनपर्यंत पळाले, तिथून पकडून परत आणले गेले. शेवटी गव्हर्नर सर इव्हान नेपियननं सांभाळून घेतलं, आणि १८१३च्या सनदी कायद्यानं मिशनऱ्यांना दार उघडलं. यावर वेगळी वेब सिरीज होईल, पण मला त्यानंतरचे दिवस जास्त खुणावतात. रोजचे, साधे.

रोजचं मुख्य काम होतं मराठी शिकणं. पंडित ठेवायचा, त्याच्यासमोर बसायचं, चुका करायच्या. सेरामपूरहून विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि छोटा कोश १८१० मध्ये आला होता, तोही मोडी लिपीत. मोल्सवर्थचा मोठा कोश यायला अजून १८ वर्षं होती. मी बीटेकला असताना डॉक्युमेंटेशन नसलेल्या कोडवर काम करायला लागलं तरी रडायचो. इथे अख्खी भाषाच तशी!

थोडं बोलता यायला लागल्यावर हॉल बाहेर पडायला लागला. बाजार, देवळांच्या पायऱ्या, तळ्याचे काठ, जिथे माणसं सापडतील तिथे. उभं राहायचं आणि बोलायचं. काही ऐकायचे, काही वाद घालायचे, काही हसून निघून जायचे. आज कुठे गेलो, किती जणांशी बोललो, हे लिहून ठेवायचं. आपल्या रोजच्या स्टँडअपसारखं. आकडा वाढत होता, 'रिझल्ट' मात्र येत नव्हता. तेरा वर्षांत धर्म बदललेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

खरं सांगू? मला धर्मांतराच्या बाजूनं किंवा विरुद्ध भाषण करायचं नाही. दुसऱ्याच्या देवाला खोटं म्हणत फिरणं मला पटत नाही, आणि हॉल तेच म्हणत फिरत होता. पण रोज नकार ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात जाणारा माणूस मला सोडवतही नाही.

त्यात शरीर साथ देत नव्हतं. नॉट यकृताच्या दुखण्यानं १८१५ मध्येच परत गेला. नंतर सामील झालेला सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं वारला. हा रोग १८१७ मध्ये बंगालातून पसरत वर्षभरात मुंबईत पोचला होता. तो दूषित पाण्यातून येतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. लोक हवेला दोष द्यायचे.

दुसरीकडे जे वाढलं ते बघा. कलकत्त्याहून टाइप आणून मिशननं मुंबईत छापखाना काढला आणि १८१७ मध्ये मराठी छपाई सुरू केली. पुढे निर्णयसागरवाले जावजी दादाजी याच छापखान्यात काम शिकले. शाळा विसाच्या वर गेल्या, त्यात शिकवणारे बरेचसे ब्राह्मण पंतोजीच. १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळाही निघाली. आणि हॉल बायबलचा 'नवा करार' मराठीत आणत होता.

घर मात्र रिकामं झालं. १८१६ मध्ये त्यानं मुंबईतच राहणाऱ्या मार्गारेट लुईस या इंग्रज मुलीशी लग्न केलं होतं. तिला हिंदुस्थानी छान यायचं. मुलं इथल्या हवेत टिकत नाहीत हे बघून १८२५ मध्ये तिला आणि दोन मुलांना अमेरिकेच्या जहाजात बसवलं. स्वतः मागे राहिला. त्या दोनातला एक मुलगा समुद्रातच गेला.

मार्च १८२६. हॉल नाशिकला गेला. सोबत दोन तरुण पोरं. तिथे पटकी थैमान घालत होती. प्रवचन बाजूला राहिलं. जवळची औषधं तो वाटत सुटला. ती संपत आली तेव्हा मुंबईची वाट धरली. १९ मार्चच्या रात्री वाटेतल्या एका गावात देवळाच्या ओसरीवर मुक्काम केला. तेरा वर्षं ज्या देवळांसमोर उभा राहून तो विरोधात बोलला, त्यातल्याच एकानं त्या रात्री त्याला सावली दिली. पहाटे चारच्या सुमाराला त्यालाच पटकीनं गाठलं. उरलेलं औषध घेतलं, पोटात ठरेना. २० तारखेला दुपारी तो गेला. बेचाळिशीला तीन आठवडेही उरले नव्हते.

पोरांनी मोठ्या मुश्किलीनं खड्ड्यापुरती जागा मिळवली. शवपेटी नव्हती. घोंगडीत गुंडाळून पुरलं. मग दोघं मुंबईला निघाली, बातमी सांगायला. तिथून ती समुद्रापार मार्गारेटपर्यंत पोचायला आणखी कित्येक महिने.

मराठी 'नवा करार' त्याच वर्षी छापून पुरा झाला.

पुढच्या भागात १८२७ मध्ये मुंबईत उतरलेल्या सिंथिया फरार, ज्यांची नगरची शाळा बघून जोतिराव फुले पुण्याला परतले. इअरफोन चार्ज करून ठेवा, भेटूच.